प्लास्टिक सर्जरीचा उगम आणि तिचे कलेशी नाते: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकाच्या इतिहासावर नाशिकमध्ये बोलायला उभे राहिले, की विषय कोणताही असो, प्रश्नोत्तरांच्या वेळी गाडी शूर्पणखेच्या नाकावर येतेच आणि तेथून प्लास्टिक सर्जरीवर. वाचनालयांत, शाळांत आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांशी झालेल्या गप्पांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे चार ओळींत संपतात, काहींसाठी सविस्तर लिहावे लागले. शस्त्र हाती घेण्याआधी नाकाचा नमुना करावा लागतो, आणि नमुना करणे हे मुळात चित्रकाराचे आणि मूर्तिकाराचे काम आहे, हे सूत्र बहुतेक उत्तरांतून वाचकांना दिसेल.

प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक वापरतात का?

नाही. माती, मेण यांसारख्या मऊ पदार्थाला आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. बर्लिनचे शल्यचिकित्सक कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवरील आपल्या ग्रंथाच्या नावात ते वापरले आणि एडुआर्ड त्साइस यांच्या १८३८ च्या ग्रंथाने ते संपूर्ण शाखेला मिळाले. बॅकेलाइट हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक १९०७ चे आहे. म्हणजे शस्त्रक्रियेचे नाव त्या पदार्थाहून कितीतरी जुने आहे.

शूर्पणखेचे नाक पंचवटीत कापले गेले, मग पहिली प्लास्टिक सर्जरी नाशिकची असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही, कारण कथेत नाक कापले जाते, जोडले जात नाही. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मण शूर्पणखेचे नाक आणि कान दोन्ही कापतो आणि ती तशीच रक्तबंबाळ अवस्थेत आपला भाऊ खर याच्याकडे जाते. वाटेत कोणी वैद्य भेटत नाही. तपोवनात हा प्रसंग मूर्तिरूपात दाखवलेला आहे आणि बाहेरगावच्या यात्रेकरूंना तो दाखवल्याशिवाय रिक्षावालेही पुढे जात नाहीत.

असे असले, तरी या कथेतून इतिहासाला उपयोगी पडणारी एक गोष्ट हाती लागते. नाक कापणे ही शिक्षा आणि अवहेलना म्हणून समाजाला परिचित होती. व्यभिचाराचा आरोप, चोरी, युद्धातील पराभव अशा अनेक निमित्तांनी माणसांची नाके कापली जात. नेपाळमधील कीर्तिपूर पृथ्वीनारायण शाह यांच्या सैन्याने जिंकले, तेव्हा अठराव्या शतकातही तेथील रहिवाशांची नाके कापली गेली होती. ज्या समाजात नाक गमावलेली माणसे वारंवार दिसतात, तेथेच नाक पुन्हा बसवण्याचे कौशल्य विकसित होण्याची गरज निर्माण होते. भारतात ही शस्त्रक्रिया इतरांच्या आधी का रुजली, याचे सर्वांत पटण्यासारखे कारण हेच आहे, आणि ते फारसे अभिमानास्पद नाही.

गणपतीला हत्तीचे मस्तक बसवले, हे प्लास्टिक सर्जरीचे उदाहरण नाही का?

ती पुराणकथा आहे आणि तिला पुराणकथा म्हणूनच मान द्यावा. शस्त्रक्रियेच्या इतिहासासाठी कृतीचे वर्णन लागते: काय कापले, कोठून घेतले, कसे जोडले, वर काय लावले. असे वर्णन आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आहे आणि ते इतके नेमके आहे की त्यासाठी कथेचा आधार घेण्याची गरजच पडत नाही.

सुश्रुतांनी नेमके काय लिहिले आहे?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान जोडण्याच्या विधीनंतर, ओठ जोडण्याच्या उल्लेखाआधी, नाक जोडण्याचा विधी मोजक्या श्लोकांत येतो. त्याचा आशय असा. गेलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे एक पान घ्यावे. ते पान गालावर ठेवून त्याच्या मापाने गालाची त्वचा मांसासह उचलावी, मात्र एका बाजूने ती गालाशी जोडलेलीच राहू द्यावी. नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा आणि उचललेला भाग त्यावर लगेच नीट बसवावा. श्वासासाठी व आकार टिकून राहावा यासाठी दोन नळ्या आत घालून नाक उचलून धरावे. वर पतंग नावाच्या झाडाचे लाकूड, ज्येष्ठमध आणि अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, पांढऱ्या कापसाने झाकावे आणि त्यावर तिळाचे तेल वरचेवर शिंपडावे. जखम भरून आली की जोडलेला उरलेला भाग कापून टाकावा. नाक लहान वाटले तर ते वाढवण्याचा प्रयत्न करावा आणि मांस जास्त झाले तर ते सारखे करावे.

यातील तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यायला हवे. पहिली म्हणजे पान. ते औषध म्हणून आलेले नाही, माप म्हणून आलेले आहे. नाकासारख्या उंचसखल आकारासाठी सपाट त्वचा किती लागेल, हे आधी एका सपाट वस्तूवर ठरवले जाते. शिंपी कापड कापण्याआधी किंवा मूर्तिकार दगडावर रेघ ओढण्याआधी जो विचार करतो, तोच हा विचार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जोडलेला राहिलेला देठ. आज शल्यचिकित्सक ज्याला फ्लॅप म्हणतात तो हाच: त्वचेचा असा जाड तुकडा मूळ जागेपासून पूर्ण तोडला, तर त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि तो बहुधा मरतो, एका बाजूने रक्तवाहिन्यांसह जोडलेला ठेवला, तर नव्या जागेतून रक्तवाहिन्या त्यात शिरेपर्यंत तो जुन्या रक्तावर जगतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे ज्ञान नसतानाही हा अनुभव ग्रंथात नोंदवला गेला आहे. तिसरी गोष्ट म्हणजे शेवटची डागडुजी. नाक बसले म्हणजे काम संपले असे ग्रंथकार मानत नाही. ते चांगले दिसले पाहिजे, ही अपेक्षा त्या विधीतच आहे.

ग्रंथाच्या काळाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. परंपरा सुश्रुतांना फार प्राचीन मानते. आज उपलब्ध असलेली संहिता मात्र अनेक शतकांच्या थरांतून, नंतरच्या संस्कारांसह तयार झालेली आहे, त्यामुळे एकच वर्ष ठामपणे सांगणे योग्य नव्हे. आठव्या-नवव्या शतकांत बगदादमध्ये तिचा अरबी अनुवाद झाला होता, म्हणजे त्या काळापर्यंत तिचा लौकिक दूरवर पोहोचलेला होता.

सुश्रुतांचे विद्यार्थी सराव कशावर करत?

याचे उत्तर कलाशाळेतील विद्यार्थ्यांना हमखास आवडते. छेद देण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा, कान जोडण्याचा सराव मऊ मांसावर आणि कमळाच्या देठांवर करावा आणि पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या, अवयव नीट घडवलेल्या पुतळ्यावर करावा, असे संहिता सांगते. असा पुतळा घडवण्यासाठी अवयवांची प्रमाणे जाणणारा कोणीतरी कारागीर लागतच असणार. आजही बरगडीच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ हाडातून, बाह्यकर्णाचा सांगाडा कोरायला शिकणारे निवासी डॉक्टर आधी बटाट्यावर आणि गाजरावर हात बसवतात.

नाकाइतकेच कानांना महत्त्व का?

कारण कान फाटण्याचे प्रसंग कदाचित अधिक होते. कान टोचायचे, भोकात हळूहळू जाड वस्तू घालून ते वाढवायचे आणि मग जड अलंकार घालायचे, ही रीत प्राचीन भारतात सर्वत्र होती. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याचा विधी, भोक वाढवण्याची साधने आणि फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती दिल्या आहेत. पाळीचा पुढचा भाग मोठा की मागचा, दोन्ही बारीक की एकच शिल्लक, यावर कोणती पद्धत वापरायची ते ठरते. पाळी उरलीच नसेल, तर गालाची त्वचा वळवून नवी पाळी करावी, असेही सांगितले आहे.

नाशिककरांना याचा पुरावा पाहायला दूर जावे लागत नाही. पांडवलेणी अर्थात त्रिरश्मी लेण्यांत नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्तींच्या कानांकडे पाहावे. त्या लांब, रिकाम्या पाळ्यांचा अर्थ साधारणपणे असा लावला जातो, की राजपुत्राने जड कुंडले उतरवली, पण ताणलेले कान तसेच राहिले. शिल्पकाराने येथे त्वचेचा ताण दगडात नोंदवून ठेवला आहे. त्याच लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एका शिलालेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे, आणि ज्या श्रेणींकडे ती रक्कम सोपवली त्यांत कुंभारांची मानली जाणारी एक श्रेणी आहे. प्लास्टिक सर्जरीशी तिचा थेट संबंध नाही, पण कुंभार आणि औषध ही जोडी एवढ्या जुन्या काळात नाशिकच्या दगडावर एकत्र आढळते, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

सराफ बाजारात तासभर उभे राहिले, तर ओघळलेल्या पाळीच्या आजी आजही दिसतात. वर्षानुवर्षे जड कुड्या आणि बाळ्या घातल्याने भोक आधी लांबट होते, मग एक दिवस पाळी खालपर्यंत चिरते. भोकाच्या आतली बाजू त्वचेने मढलेली असल्यामुळे दोन्ही कडा नुसत्या एकमेकींना लावून त्या जुळत नाहीत. कडा छिलून ताज्या करून मगच टाके घालावे लागतात. ही छोटी शस्त्रक्रिया आज जागा बधिर करून बाह्यरुग्ण विभागातच होते, आणि कडा खरवडण्याचे तत्त्व संहितेतलेच आहे.

पुण्याच्या कुंभाराची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र चित्रासह छापून आले. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत आहे. नाव पारशी वाटते, पण मजकुरात तो मराठा शेतकरी असल्याचे म्हटले आहे. इंग्रज कानाने ऐकलेले मराठी नाव कागदावर कसे उतरले असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. इंग्रज फौजेत तो बैल हाकण्याचे काम करी. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या वीट पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने, ज्याला आपण मराठीत सरसकट कुंभार म्हणतो, त्याला नवे नाक बसवून दिले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचे त्यात म्हटले आहे.

पत्रातील कृती इतकी तपशीलवार आहे, की ती वाचून कोणी शस्त्रक्रिया करायला धजावावे. आणि पुढे तसेच घडले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार होईल असा घडवला गेला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या भोवती रेघ ओढली. रेघेच्या आतली कपाळाची त्वचा सोडवून घेतली, फक्त दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद देठ जोडलेला ठेवला. थोटकाच्या कडा छिलल्या, त्यांच्या मागे चीर दिली, कपाळाची त्वचा देठावर अर्धा वळसा देऊन खाली आणली आणि तिची कड त्या चिरेत बसवली. टाके नाहीत. आपण विड्यात घालतो तो काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक ठेवून सांधा धरून ठेवला. चार दिवस दुसरे काहीही केले नाही. त्यानंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या लावल्या. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापून नाकाला अंतिम रूप दिले.

सुश्रुतांच्या विधीत त्वचा गालाची होती, येथे ती कपाळाची आहे, हा फरक समाजमाध्यमांवरील लेखांत हमखास पुसला जातो आणि ‘सुश्रुतांनी कपाळाच्या त्वचेतून नाक केले’ असे छापले जाते. गालाकडून कपाळाकडे झालेला हा बदल लक्षणीय आहे. कपाळाची त्वचा रंगाने व जाडीने नाकाशी जुळते, आणि भुवयांजवळून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे अरुंद देठावरही ती तग धरते. हिमाचलमधील कांगड्यातही काही घराण्यांत ही विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. म्हणजे ग्रंथात एक विधी टिकून राहिला आणि ग्रंथाबाहेर, कारागिरांच्या हातांत, त्याची सुधारलेली आवृत्ती जगत राहिली.

या हकिकतीत रुग्णाचे, दोन साक्षीदार डॉक्टरांचे, चित्रकाराचे आणि कोरीव काम करणाऱ्याचे नाव आपल्याला मिळते. ज्याने नाक बसवले, त्याची फक्त जात नोंदवली गेली. माझ्या मते हा या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय आहे.

त्या चित्राचा चित्रकार कोण होता?

जेम्स वेल्स. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुण्यातील इंग्रजांचे वकील, म्हणजे दरबारातील प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट यांच्यामार्फत पेशव्यांच्या दरबारात पोहोचला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची त्याने रंगवलेली व्यक्तिचित्रे अनेकांनी पुस्तकांत पाहिलेली असतात, फक्त चित्रकाराचे नाव लक्षात राहत नाही. मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली, तिच्याशी वेल्सचा संबंध होता. गंगाराम तांबट हे तेथील नावाजलेले मराठी चित्रकार. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही या मंडळींनी काढली. १७९५ मध्ये वेल्सचे निधन झाले.

कावसजीचे चित्र त्याने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी रंगवले, आणि विल्यम नटर याने त्यावरून ताम्रपट कोरला. पेशव्यांच्या आणि कारभाऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी जी नजर वापरली, तीच एका बैलहाक्याच्या नव्या नाकासाठी वापरली गेली, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मासिकातील चित्रात चेहऱ्यासोबत मेणाच्या नमुन्याच्या आणि त्वचेच्या मांडणीच्या रेखाकृतीही दिल्या होत्या. नुसते वर्णन छापले असते, तर दूर देशातली एक नवलकथा म्हणून ते विसरले गेले असते. चित्रामुळे ती कृती दुसऱ्याला करता येण्याजोगी झाली.

युरोपात त्याआधी असे काही होत नव्हते का?

होत होते. पंधराव्या शतकात सिसिलीतील कातानिया येथे ब्रांका पिता-पुत्र नाके करत. पित्याची पद्धत चेहऱ्याच्या त्वचेची होती, मुलाने दंडाची त्वचा वापरायला सुरुवात केली. ही घरगुती गुपिते उघड करण्याचे काम बोलोन्याचे प्राध्यापक गास्पारे तालियाकोत्सी यांनी केले. १५९७ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्यांच्या लॅटिन ग्रंथात दंडावरील त्वचा नाकाला जोडून तो हात कित्येक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवण्याची पद्धत आहे. ग्रंथाच्या नावातच कलम करण्याचा उल्लेख आहे. डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचे कलम बांधणाऱ्या आपल्याकडच्या बागायतदाराला ही कल्पना कोणी समजावून सांगायला नको: दोन ताज्या कडा, घट्ट बांधणी आणि जीव धरेपर्यंत धीर.

त्या ग्रंथातील लाकडी ठशांची चित्रे कलेच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहेत. चामड्याचे अंगरखे, पट्टे, बंद आणि डोक्यावरून वळवून बांधलेला हात यांचे त्यांत इतके स्पष्ट चित्रण आहे, की शिंप्याने त्यावरून तो अंगरखा शिवावा. बोलोन्याच्या जुन्या शरीररचना-सभागृहात तालियाकोत्सींचा लाकडी पुतळा आहे आणि त्याच्या हातात एक नाक आहे. असा सन्मान दुसऱ्या कोणा डॉक्टरला मिळाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र ही पद्धत मागे पडली.

पुण्याची पद्धत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कोणी केली?

लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी. मासिकातील हकिकत वाचून त्यांनी भारतातून परतलेल्या लोकांकडे चौकशी केली, मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तान्त त्यांनी १८१६ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध केला. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. ईथरचा जाहीर वापर १८४६ मध्ये झाला. जर्मनीत फॉन ग्रेफे यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांतच भारतीय आणि इटालियन अशा दोन्ही पद्धती वापरल्या. भुवयांमध्ये देठ ठेवून कपाळाची त्वचा वापरण्याच्या पद्धतीला जगभरची पाठ्यपुस्तके आजही भारतीय पद्धत म्हणतात.

भारतातही ती संपलेली नव्हती. जुनागढ संस्थानातील डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी दरोडेखोरांनी नाके कापलेल्या शंभराहून अधिक रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १८८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

पहिल्या महायुद्धात चित्रकार आणि शिल्पकार रुग्णालयांत काय करत होते?

खंदकाबाहेर डोके काढताच गोळी लागे, त्यामुळे त्या युद्धात चेहऱ्याच्या जखमांचे प्रमाण पूर्वी कधी नव्हते एवढे वाढले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरल्ड गिलीज यांनी आधी आल्डरशॉटला आणि १९१७ पासून सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये अशा सैनिकांवर उपचार केले. प्रत्येक रुग्णाची नोंद चित्र, छायाचित्र आणि प्लास्टरचा ठसा अशा तीन रूपांत ठेवण्यावर त्यांचा भर होता. त्यांना मिळालेले चित्रकार हेन्री टॉंक्स यांची पार्श्वभूमी अशी, की जणू याच कामासाठी ते घडले होते: आधी शल्यचिकित्सक आणि शरीररचनेचे शिक्षक, मग लंडनच्या स्लेड कलाशाळेत रेखाटनाचे गुरू. १९१६ मध्ये आल्डरशॉटला त्यांनी जखमी सैनिकांची रंगीत खडूंनी केलेली चित्रे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत.

छायाचित्रे असताना चित्रे कशाला, असा प्रश्न येथे नेहमी येतो. त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल होती. कोणती त्वचा जिवंत, कोणती सुजलेली, कोठे नुसता व्रण आहे, हे रंगाशिवाय कळत नाही. शिवाय रेखाटन करणारा काय गाळायचे आणि काय दाखवायचे ते ठरवतो, त्यामुळे पुढील शस्त्रक्रियेची आखणी त्यावर करता येते. टॉंक्स यांनी अशा आखणीच्या आकृत्याही काढल्या. त्यांची रंगचित्रे मात्र आकृत्या राहत नाहीत. फाटलेल्या जबड्याचा तो तरुण तुमच्याकडे थेट पाहत असतो, आणि पाहणारा आधी जखम पाहतो की डोळे, हे त्यालाच सांगता येत नाही. ही चित्रे सर्वसामान्यांपुढे मांडायला टॉंक्स स्वतः नाखूश होते.

गिलीज यांचे मोठे योगदान म्हणजे १९१७ मध्ये त्यांनी वापरलेला नळीसारखा देठ. त्वचेच्या पट्ट्याच्या कडा आतल्या बाजूस वळून येतात, हे पाहून त्यांनी त्या शिवून पट्ट्याची नळी केली. त्यामुळे कच्ची बाजू झाकली गेली आणि प्रतिजैविके नसलेल्या काळात जंतुसंसर्ग कमी झाला. ओडेसा येथे व्लादिमीर फिलाटोव्ह यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच युक्ती वापरली होती.

जेथे शस्त्र हरले, तेथे शिल्पकार पुढे आले. लंडनमध्ये फ्रान्सिस डरवेंट वूड आणि पॅरिसमध्ये अमेरिकन शिल्पकार अ‍ॅना कोलमन लॅड यांनी सैनिकांसाठी मुखवटे केले. चेहऱ्याचा प्लास्टर ठसा घ्यायचा, युद्धापूर्वीच्या छायाचित्रावरून हरवलेला भाग मातीत घडवायचा, त्यावरून पातळ तांब्याचा मुखवटा तयार करायचा आणि तो सैनिकाने घातलेला असतानाच त्वचेच्या रंगाशी जुळेल असा रंगवायचा, असा त्याचा क्रम होता. मुखवटा अनेकदा चष्म्याच्या काड्यांवर टिकवला जाई. त्याला हसता येत नसे आणि चेहऱ्याचे वय वाढले तरी त्याचे वाढत नसे.

चेहऱ्याच्या सौंदर्याचे ‘प्रमाण’ डॉक्टर मूर्तिकारांकडून घेतात का?

काही अंशी घेतात. आपल्या शिल्पशास्त्रांत चेहऱ्याची लांबी एक ताल, म्हणजे बारा अंगुळे, धरतात आणि तिचे कपाळ, नाक व हनुवटी असे चार-चार अंगुळांचे तीन भाग करतात. विष्णुधर्मोत्तरपुराणातील चित्रसूत्रात हे प्रमाण दिले आहे आणि गणेशोत्सवाआधी शाडूची मूर्ती घडवणारे कारागीर आजही, ग्रंथ न वाचता, हाताच्या सवयीने त्याच्या जवळ जातात. युरोपात लिओनार्दो दा विंची आणि १५२८ चा प्रमाणग्रंथ लिहिणारे आल्ब्रेख्ट ड्युरर यांनी चेहऱ्याचे असेच तीन भाग मांडले, आणि प्लास्टिक सर्जरीच्या विद्यार्थ्यांना चेहरा वाचायला शिकवताना हेच तीन भाग शिकवले जातात.

मात्र कॅनडातील लेस्ली फार्कास यांनी १९८५ मध्ये प्रत्यक्ष चेहरे मोजून दाखवले, की निरोगी, सामान्य माणसांच्या चेहऱ्यांत ही जुनी प्रमाणे बहुतेक वेळा जुळत नाहीत. प्रमाण हे आखणीसाठी उपयोगी आहे. माणसाला दोषी ठरवण्यासाठी नाही. ‘सुवर्णगुणोत्तराप्रमाणे तुमचे नाक करून देऊ’ अशी जाहिरात दिसली, तर तेथून उठून यावे, असे माझे मत आहे.

निव्वळ सौंदर्यासाठी नाकाची शस्त्रक्रिया केव्हा सुरू झाली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये बाहेर व्रण न ठेवता नाकपुडीच्या आतून शस्त्रक्रिया केली आणि बर्लिनमध्ये याकोब जोसेफ यांनी १८९८ पासून हे तंत्र पद्धतशीर केले. आज लोकांच्या मनात प्लास्टिक सर्जरी म्हणजे एवढेच उरले आहे, हे दुर्दैव. दुभंगलेले ओठ, भाजलेले हात, यंत्रात तुटलेली बोटे हे या शाखेचे रोजचे काम आहे. १९५४ मध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण करून पुढे नोबेल मिळवणारे जोसेफ मरे हेही प्लास्टिक सर्जनच होते.

महाराष्ट्रात आधुनिक शाखा कोणी उभी केली?

दोन नावे आधी घ्यावी लागतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी ही शाखा रुजवली. दुभंगलेल्या ओठ-टाळूचे त्यांचे ‘नागपूर वर्गीकरण’ आजही शिकवले जाते. इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम केले. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची त्वचा बहुधा शाबूत असते. आतले अस्तर आकसल्यामुळे नाक बसते. त्यामुळे कपाळाची त्वचा आणण्याऐवजी आतून नवे अस्तर देऊन नाक उचलावे लागते. पुण्याच्या परिसरातून लंडनला गेलेली विद्या सुमारे दीडशे वर्षांनी नवे रूप घेऊन पुण्याच्या परिसरातच परत आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

एखाद्या कलावंताने शस्त्रक्रियेलाच कलाकृती मानले आहे का?

होय. ऑर्लां या फ्रेंच कलावतीने १९९० ते १९९३ या काळात स्वतःच्या चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया प्रयोगासारख्या सादर केल्या. सौंदर्याचे मापदंड कोण ठरवते, हा तिचा सवाल होता. सवाल योग्य आहे. ती चित्रफीत जेवणाच्या वेळी पाहू नये.

कला शिकलेल्यांना या क्षेत्रात काम करता येते का?

येते, आणि हा प्रश्न अलीकडे वाढला आहे. शल्यचिकित्सक होण्यासाठी एम.बी.बी.एस., एम.एस. आणि त्यानंतर तीन वर्षांचे एम.सीएच. असा लांबचा मार्ग आहे. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत होतात, ते १९९८ मध्ये स्थापन झाले आणि आपल्या म्हसरूळलाच आहे. कलाशाखेतून येणाऱ्यांसाठी दोन कामे जवळची आहेत. एक म्हणजे वैद्यकीय चित्रण: शस्त्रक्रियेचे टप्पे रेखाटणे, ज्याची गरज छायाचित्रे आणि व्हिडिओ असूनही संपलेली नाही. दुसरे म्हणजे सिलिकोनचे कान, नाक, डोळ्याभोवतालचा भाग घडवणे. कर्करोगाने किंवा अपघाताने गेलेला अवयव शस्त्रक्रियेने परत करता येत नसेल, तेव्हा हे काम दंतकृत्रिमांग विभागात, म्हणजे कृत्रिम दात बसवतात त्या विभागात, होते. दुसऱ्या बाजूच्या कानाचा ठसा घेऊन त्याची आरशातली प्रतिमा मेणात कोरावी लागते आणि रंग रुग्णाला समोर बसवून, शक्यतो दिवसाच्या उजेडात, थर देत जुळवावा लागतो. आता सी.टी. स्कॅनवरून संगणकात उलट प्रतिमा तयार करून त्रिमितीय छपाईही करतात, तरीही त्वचेवरच्या बारीक सुरकुत्या आणि रंगातले चढउतार हातानेच घालावे लागतात. शस्त्रक्रियागृहातही कपाळाच्या फ्लॅपचे माप घेण्यासाठी अनेक सर्जन टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी नाकावर दाबतात, सपाट करतात आणि कपाळावर ठेवून तिच्याभोवती जांभळ्या शाईने रेघ ओढतात.